दीड टनी छोटी ट्रॉली : दोन पावसाळे वापरून झाल्यावर

काय घेतलं ते आधी सांगते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतलेली दोन चाकांची छोटी ट्रॉली. माल भरायचा हौदा सहा फूट बाय चार फूट, बाजूच्या फळ्या १५ इंच, तळाला जाड चेकर्ड पत्रा, एकच एक्सल, दोन्ही बाजूंना पाट्यांच्या कमानी (स्प्रिंग), ६.००-१६ चे टायर. ‘दीड टन माल झेपेल’ असं कोटेशनवर लिहून दिलेलं. किंमत रंगासकट ७८,००० रुपये. ओढायला आमचा २४ हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर. वर्कशॉपचं नाव इथं देत नाही. पुढं तक्रारी आहेत, त्या मी त्यांच्या तोंडावर सांगितल्यात, आणि त्यातली एक तर आमच्याच घरच्या चुकीची आहे.

माझं सिमेंट-सळईचं दुकान फुलेवाडीत. माझं म्हणजे सासऱ्यांचं. पण मामा आता गल्ल्यावर बसून पेपर वाचतात आणि चुका काढतात, बाकीचं सगळं माझ्याकडं. निम्मं गिऱ्हाईक पेठेतलं. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुनी घरं पाडून स्लॅबची बांधायचं काम कधी थांबत नाही, आणि तिथले बोळ कसे आहेत ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. मोठा टेम्पो बोळाच्या तोंडाला थांबतो. तिथून पुढं हमाल डोक्यावरनं नेणार, पोत्यामागं वेगळे पैसे, आणि बोळ जितका लांब तितका त्यांचा दर वाढणार. नवरात्रात महाद्वार रोडच्या बाजूनं जायचं नावच नको. म्हणून सात फुटी बोळात शिरेल असं काहीतरी हवं होतं. चाकांसकट बाहेरून बाहेर पाच फूट रुंदीची ही ट्रॉली शिरते. त्या कामाला ती सोन्यासारखी आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल बाई नुसतीच रडतेय. सकाळी सहाला निघालो की आठच्या आत पेठेतल्या दोन खेपा होतात. पूर्वी एका खेपेला दुपार व्हायची.

आता ती पहिल्या महिन्यातली गोष्ट.

मंगळवार पेठेत वीस पोती सिमेंट द्यायचं होतं. बोळात कुणाची तरी रिक्षा उभी, ट्रॅक्टर वळेना. ड्रायव्हरनं पिन काढली, ट्रॉली भिंतीकडेला सोडली, दांडीखाली, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या पुढच्या लोखंडी दांड्याखाली, चार विटा रचल्या, चाकाला दगड लावला आणि ट्रॅक्टर फिरवून आणायला गेला. इथपर्यंत कुणालाच काही वावगं वाटलं नाही. हमाल दोघं. त्यांनी हाताला जवळ पडली ती पोती उचलायला सुरुवात केली, म्हणजे दांडीच्या बाजूची. सहा गेली. सातवं उचललं आणि मागच्या तेरा पोत्यांनी ट्रॉली खाली खेचली. शेपूट धाडकन फरशीवर, आणि दांडी वर. दुकानातला पोऱ्या दांडीपाशी उभा राहून वहीत पोती टिपत होता. दांडी त्याच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावरून गेली. त्याच्या हातातली वही उडाली, ती समोरच्या पन्हळी पत्र्यावर जाऊन पडली. अजून तिथंच असेल.

दुकानात येऊन मी हे सांगितलं तर मामांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, “उलाळ झाली म्हण की.”

मला तो शब्द माहीत नव्हता. मामा तरुणपणी गावाकडं बैलगाडीतनं गुऱ्हाळावर ऊस ओढायचे. गाडीत माल मागं जास्त भरला की जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला जोताचा फास लागतो, ती उलाळ गाडी. पुढं जास्त भरला की सगळा भार बैलाच्या खांद्यावर, खांदा सुजतो. “बैल तरी सांगायचा की भरताना चुकलायसा म्हणून. लोखंड काय सांगणार?” एवढं बोलून परत पेपर.

संध्याकाळी मी त्यांना घेऊन ट्रॉलीपाशी गेले आणि टेप लावला. हौद्याच्या बरोब्बर मध्यावर एक्सल. पुढं तीन फूट, मागं तीन फूट. दिसायला एकदम छान, आणि चूक नेमकी तीच. एका एक्सलच्या ट्रॉलीत माल सारखा पसरून भरला तर दांडीवर वजनच येत नाही, तराजूची दांडी असते तशी ती अधांतरी राहते. पुढचं एखादं पोतं काढलं की मागं कलणार. रस्त्यावर त्याचा दुसरा ताप. दांडीवर भार नसलेली ट्रॉली जरा वेग घेतला की शेपूट हलवायला लागते, डावीकडं, उजवीकडं, आणि मागचं ते झुलणं ट्रॅक्टरला जाणवतं तोवर उशीर झालेला असतो. दोन-तीनदा ड्रायव्हर म्हणाला होता, “वहिनी, फुलेवाडी नाक्याच्या उताराला मागनं कुणीतरी ढकलल्यागत हुतंय.” मी म्हटलं होतं, रस्ता खराब असेल.

मग आम्ही दुकानातला प्लॅटफॉर्म काटा काढला. वीस पोती, म्हणजे १,००० किलो, सारखी पसरून भरली. रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर ४३० किलो भरली होती. दांडी लाकडी ठोकळ्यानं ट्रॅक्टरच्या हूकएवढ्या उंचीला आणून काट्यावर टेकवली. आकडा आला १८ किलो. दीड टनाच्या जवळ जाणारा भार आणि दांडीवर एका लहान पोराएवढं वजन! एकूण भाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास दांडीवर यावं, असा साधारण ठोकताळा आहे. वर्कशॉपला ट्रॉली परत नेली. मिस्त्री आधी म्हणाले, “ताई, आम्ही इतक्या ट्रॉल्या दिल्या, कुणी बोललं नाही.” मी काटा, पोती, टेप सगळ्याचे फोटो दाखवले. मग यू-बोल्ट सोडून, नवी भोकं पाडून, कमानींसकट एक्सल सात इंच मागं सरकवला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. परत काट्यावर घेतलं तर ११५ किलोच्या आसपास. त्या दिवसापासून नाक्याच्या उताराला ढकलणं थांबलं.

तुम्ही कुणाकडूनही ट्रॉली घ्या, पैसे देण्याआधी टेप लावा. पत्रा किती जाड, चॅनल कितीचा, हे सगळेजण विचारतात. एक्सल कुठं आहे हे कुणी विचारत नाही.

आणि उतरवताना आमच्याकडं आता नियम आहे : मागची पोती आधी, दांडीकडची शेवटी. ट्रॉली सुटी असेल तर मागं शेपटाखाली लाकडी टेकू लावल्याशिवाय पोत्याला हात नाही. हमाल हसतात. हसू देत.

दुसरी तक्रार पिनची. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी वस्तू एकच, ती पिन, आणि ७८,००० च्या ट्रॉलीबरोबर मला मिळाली ती १६ एमएमच्या सळईचा एक टोक वाकवलेला तुकडा. दांडीच्या डोळ्याचं भोक २५ एमएमचं. चालताना ती पिन भोकात खुळखुळायची, प्रत्येक खड्ड्याला एक ठोका. दोन महिन्यांनी काढून बघितली तर मधोमध बारीक कंबर पडलेली. शेजारच्याच गल्लीतल्या लेथवर ईएन-८ या कणखर पोलादाची २४ एमएमची पिन करून घेतली, वर गोल डोकं, खाली भोक आणि त्यात स्प्रिंगची लिंच पिन, म्हणजे उसळून वर यायची भीती नाही. सगळे मिळून साडेतीनशे रुपये गेले. साडेतीनशेच्या वस्तूत हात आखडता घेणारा वर्कशॉपवाला पत्र्याला मात्र दोन हात रंग देतो, हे मला अजून कळलेलं नाही. त्याच दिवशी साखळ्याही लावल्या. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना फुलीसारख्या छेदून ट्रॅक्टरला अडकवायच्या, म्हणजे पिन तुटलीच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतकी सैल, जमिनीला घासणार नाही इतकी आखूड.

आणि दांडी ट्रॅक्टरच्या खालच्या हूकलाच जोडायची. वरच्या टॉप लिंकच्या (अवजारं वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी जोडली की ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. चढाला हे झालं तर ट्रॅक्टर मागच्या मागं उलटतो.

आता आमची चूक. सळई.

सळई १२ मीटरची येते, दुमडून वीस फूट होते. १२ एमएमची एक सळई साडेदहा किलोच्या वर. (व्यास गुणिले व्यास भागिले १६२, आलेला आकडा मीटरला किलो. हे सूत्र सळई वाकवणाऱ्या आमच्या प्रत्येक बारबेंडरला पाठ असतं आणि गिऱ्हाईकालाही असावं.) हौदा सहा फुटी. पुढं दांडीवर तीन फूट सोडली तरी मागं अकरा फूट लोंबते. मला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण गिऱ्हाईकाचा स्लॅब दुसऱ्या दिवशी, टेम्पोवाला फोन उचलेना, आणि आपली ट्रॉली दारात उभी. मागं लाल फडकं बांधलं आणि काढली गाडी.

पहिला प्रकार निघतानाच झाला. सगळं वजन मागं, म्हणजे मामांची उलाळ, फक्त आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर. दांडी हूकला वर ओढायला लागली, मागच्या चाकांवरचा भार कमी झाला आणि ओल्या रस्त्यावर चाकं जागीच फिरली. तिथंच परत फिरायला पाहिजे होतं. दुसरा प्रकार गंगावेशीत. ट्रॅक्टर डावीकडं वळला की सळईचं शेपूट उजवीकडं झाडू मारल्यासारखं फिरतं. सकाळची वेळ, दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या. टोकं एका म्हशीच्या पाठीच्या हातभर वरून गेली. म्हशीनं मान वळवून बघितलं, तिच्या मालकानं बघितलं नाही, ते बरं झालं. पण पुढं लावलेल्या स्कूटरचा आरसा आणि इंडिकेटर गेला. त्याचे १,४०० रुपये दिले आणि माफी मागितली. तिथं एखादं शाळकरी पोर सायकलवर असतं तर काय, हा विचार अजून रात्री येतो.

मोटार वाहन कायद्यात हौद्याबाहेर माल काढला तर दंड २०,००० रुपये आहे. जादा भार भरला तरी २०,०००, वर प्रत्येक जादा टनाला २,००० वेगळे. तेव्हापासून या ट्रॉलीतून लांब सळई नाही म्हणजे नाही. रिंगा दुकानातच वाकवून देतो, कॉलमच्या सळईचे तुकडे हौद्यात मावतील तेवढे कापून. लांब सळई मोठ्या गाडीतून बोळाच्या तोंडापर्यंत, पुढं माणसांच्या खांद्यावरून.

वजनाचं बोलायचं तर सगळ्यात फसवा माल कोणता? लोक म्हणतात सिमेंट. चूक. सिमेंटची पोती मोजता येतात, ५० किलोचं एक, २४ पोती म्हणजे १,२०० किलो, मी त्याच्या वर भरत नाही. वीटही मोजता येते, तीन किलोच्या आसपास एक, ४०० भरल्या की झालं. फसवतो जांभा आणि फसवते क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू.

कोकणातनं येणारा जांभ्याचा एक चिरा मी काट्यावर ठेवला, २९ किलो. चाळीस चिरे म्हणजे १,१६० किलो, आणि एवढ्यानं हौदा जेमतेम दोन तृतीयांश भरतो. गिऱ्हाईक वाकून बघतं आणि म्हणतं, “वहिनी, निम्मी मोकळी नेताय व्हय?” हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकच्या बाबतीत उलटं. काठोकाठ भरले तरी अर्ध्या टनाच्या थोडं वर, म्हणून मग लोक त्यावर आणखी तीन थर रचायला सांगतात, आणि उंच रचलेला माल वळणावर काय करतो ते रस्त्याकडेला पडलेले तुकडे बघून कळतंच.

क्रश सँडचं गणित असं. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, त्याचं वजन साडेचार टन तरी धरायचं. माझा हौदा काठोकाठ ३० घनफूट, म्हणजे १,३५० किलो, तेही कोरडी असताना. पावसात रात्रभर उभी राहून निथळेपर्यंत भिजली तर दीड टन ओलांडते. (थोडी दमट वाळू मात्र फुगते, मापाला जास्त दिसते आणि वजनाला कमी भरते, ब्रासवर घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मी विकणारी असून सांगतेय.) वर्कशॉपवाले चार हजारांत फूटभर वाढीव फळ्या देत होते, “सगळे घेतात ताई.” त्या लावून भरली तर जवळपास अडीच टन होतात, दीड टनाच्या एक्सलवर! मी घेतल्या नाहीत. उलट मामांनी आतून बारा इंचांवर पिवळ्या ऑइल पेंटनं सगळीकडून रेघ मारली. चष्मा लावून, पट्टी धरून, अर्धा दिवस बसले होते. वाळू रेघेपर्यंत. रेघेच्या वर भरलेली त्यांना दुकानात बसून दिसते.

दीड टनाची ट्रॉली आणि मी बाराशेवर का थांबते, असं पुतण्या विचारतो. तो दीड टन सपाट रस्त्यावरचा. आपल्या खड्ड्यांत चाक आपटलं की क्षणभर एक्सलवर किती येतं ते एक्सललाच माहीत.

आता ब्रेक. हे सगळ्यात मोठं.

ट्रॉलीला ब्रेक नव्हता. आपल्याकडच्या किती छोट्या ट्रॉल्यांना नसतो, मलाही त्यात काही खटकलं नव्हतं. पेठेत ताशी दहाच्या वेगात काही कळतही नाही. पण गेल्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकानं पन्हाळ्यावरचं जुनं घर उतरवलं. त्यातले काळे घडीव दगड आणि कौलं त्याला खाली शहरातल्या नव्या घराला लावायची होती. दगड टनभर, वर कौलं पेंढा घालून. ही ट्रॉली त्या कामाची नव्हे, हे मला कळायला पाहिजे होतं. धाकटे भाऊजी म्हणाले, “वहिनी, मी नेतो की.” ते ट्रॅक्टरवर, मी मागं ॲक्टिव्हावर, इंडिकेटर चालू ठेवून.

पन्हाळ्यावरून वाघबीळकडं उतरताना तिसऱ्या वळणाला मला मागनं दिसलं की ट्रॉली ट्रॅक्टरच्या रेषेत नाही. ट्रॅक्टरचं वजन जेमतेम टनभर, मागं दीड टन, आणि उतार. म्हणजे ओढणारा हलका आणि ढकलणारा जड. इंजिनचा आवाज चढला तसे भाऊजी घाबरले आणि त्यांनी क्लच दाबला. क्लच दाबला म्हणजे इंजिननं धरलेला भार सोडून दिला. मग ब्रेक मारला. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात, शेतात वळायला सोयीचे. रस्त्यावर यायच्या आधी मधली पट्टी अडकवून दोन्ही एक करायचे असतात. पट्टी अडकवलेली नव्हती. पाय उजव्यावरच पडला, ट्रॅक्टर उजवीकडं फिरला, मागनं ट्रॉली आली आणि दोन्ही कात्रीसारखी मिटायला लागली. नशीब, उजवीकडं डोंगर होता. चाक गटारात गेलं, दांडी थोडी वाकली, कौलं निम्मी फुटली, दगड रस्त्यावर. भाऊजींना खरचटलंही नाही. मी ॲक्टिव्हा उभी केली तेव्हा माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते. दोन तास थांबून दुसरी गाडी आणली, लोकांनी दगड बाजूला करायला हात लावला, एकानं तर न विचारता चहाही आणून दिला.

घाटाला जाणाऱ्यांनी एवढं करावं. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, गिअर उतार लागायच्या आधी टाका, मध्ये क्लचला पाय नको, न्यूट्रल तर नकोच नको. पेडलची पट्टी अडकवा. आणि खरं सांगायचं तर ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली घेऊन घाटात जाऊच नका.

नंतर १४,५०० रुपये देऊन ब्रेक बसवून घेतला, त्याच वर्कशॉपमध्ये. ट्रॉली पुढं ढकलायला लागली की दांडीचा पुढचा भाग नळीत चार बोटं आत सरकतो, त्या सरकण्यानं लिव्हर ओढला जातो आणि दोन्ही चाकांचे ड्रम आवळतात. जितकी जोरात ढकलेल तितका ब्रेक घट्ट. काम झकास झालंय. खोट एकच. रिव्हर्स घेतानाही ट्रॅक्टर दांडी दाबतोच, म्हणजे ब्रेक तेव्हाही लागतो. त्यासाठी एक खटका दिलाय, मागं घेण्याआधी उतरून तो पाडायचा, नंतर आठवणीनं उचलायचा. खटक्याला लाल रंग दिलाय, तरी दोनदा विसरलो. तसंही ही ट्रॉली रिव्हर्सला द्वाड आहे. लांब ट्रॉली हळू वळते, सावरायला वेळ देते. ही आखूड, स्टेअरिंग जरा जास्त फिरलं की लगेच घडी होते. बोळात शिरायचं तर शक्यतो तोंडानं शिरा आणि बाहेर येताना ट्रॉली सोडून हातानं फिरवा. रिकामी असेल तर तिघांत फिरते.

बाकीचं थोडक्यात. टायर नवे म्हणून दिले, त्यातला एक रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) निघाला, बदलून मिळाला पण तीन चकरा मारून. बेअरिंग चांगले लागलेत. लांब खेपेनंतर हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, पालथा हात ठेवून बघायची सवय लावलीय, हात ठेवता आला नाही तर ग्रीस संपलंय. पावसाळ्यात पाण्यातनं गेल्यावर हब उघडून ग्रीस बदलते. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला, गेली की तसंही आम्ही ट्रॉलीत पोती भरून ठेवतो, विकायला नव्हे, हलवायला. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर या भागात ही सवय सगळ्यांनाच लागलीय. बांधायला नायलॉन दोरी वापरू नका, भिजली की ताणते आणि माल सैल होतो. खटक्यानं आवळायचे रॅचेट बेल्ट घ्या. फरशीचे बॉक्स आडवे न ठेवता कडेवर उभे, हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून. नवीन ट्रॉलीचे चाकाचे नट पहिल्या दोन-चार खेपांनंतर परत आवळा, आमचे तीन सैल निघाले होते.

रिफ्लेक्टर त्यांनी मागं दोन छोटे दिले होते, बांगडीएवढे. मी मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी पट्टी चिकटवली, पूर्ण लांबीची. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात कशा येतात ते या रस्त्यांवर राहणाऱ्याला सांगायला नको. गाण्याचा आवाज आधी येतो, ट्रॉली नंतर दिसते.

आणि कागद. ट्रॉलीची आरटीओकडं वेगळी नोंदणी लागते, हे वर्कशॉपवाला आपणहून सांगत नाही. शेतीच्या नावावर नोंदवलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतनं भाड्यानं वीट-वाळू वाहिली आणि काही झालं, तर विमा हात वर करू शकतो. आम्ही दोन्ही धंद्याच्या नावावर केलं. खर्च झाला, हेलपाटे झाले.

पाचपैकी साडेतीन. हौदा, वेल्डिंग, रंग, बोळात शिरायची सोय याला पूर्ण मार्क. एक मार्क ब्रेकसाठी कापला आणि अर्धा त्या सळईच्या पिनसाठी. एक्सलचा कापला नाही, कारण त्यांनी ऐकलं.

परवा ब्रेकची केबल आवळायला तिकडं गेले होते. दारात एक नवीन ट्रॉली उभी होती, हिरवी, रंग अजून ओला. मिस्त्री आत होते म्हणून पर्समधला टेप काढून लावला. एक्सल मध्यापासून सहा इंच मागं. मग पुढं जाऊन दांडी बघितली. डोळ्यात तोच सळईचा वाकवलेला तुकडा, तारेनं बांधून ठेवलेला.